सतरा एक्के

४ फेब्रुवारी

आजही नाही गेला. बाकी उरलीच.

३२०३५४९ ने भागून पाहिलं. प्रेसमधून आल्या आल्या, चहासुद्धा न घेता. पाटी मांडीवर, पाठ आईच्या पलंगाला टेकलेली. ती डोळे मिटून पडली होती. झोपली असेल म्हणून मी घाईघाईत उरकत होते. तिसऱ्या वजाबाकीत हातचा विसरले आणि — टक्! पलंगाच्या लोखंडी कडेवर तिचं डावं बोट. डोळे उघडे. माझ्याकडे नाही, पाटीकडे.

बोलणं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला. माझा विसरलेला हातचा मात्र दिसतो!

अंग नुसतं आंबलंय. बाकीचं उद्या.

६ फेब्रुवारी

सकाळी वाचाताई येऊन गेल्या. आईला पुन्हा बोलतं करायला येतात म्हणून मी आपलं त्यांना वाचाताई म्हणते. चांगल्या आहेत. पण पिशवीत चित्रं आणतात. कप, किल्ली, गाय.

“आजी, किल्ली कुठंय? दाखवा बघू!”

आईने खिडकीबाहेर पाहिलं. जिने जन्मभर पोरांना बीजगणित शिकवलं तिला म्हणे किल्ली दाखव! मीसुद्धा खिडकीबाहेरच पाहिलं असतं. वाचाताईंनी कागदावर काहीतरी खुणा केल्या. चांगल्या नसणार.

मग त्यांना पाटी दिसली. “हे काय करता तुम्ही दोघी?”

सांगावं लागलं. नेहमीसारखंच सांगताना मला आधी लाज वाटली आणि मग लाज वाटल्याची लाज वाटली.

आईच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. ती वर्गात शिरायच्या आत कुणीतरी फळ्यावर एकापुढे एक एक्के काढून ठेवले होते. १११११११११११११११११. “बाई, सांगा, हा कशाने जातो?” सगळा वर्ग खिदळतोय. बाई रागावतील असं त्यांना वाटलं असणार. बाईंनी मोजले — सतरा. आणि तास संपेपर्यंत आई त्या एक्क्यांसमोरच उभी राहिली! सहा एक्के असते तर दोन-दोनचे, तीन-तीनचे गट पाडून भाग गेला असता. पंधरा असते तरी गेला असता. पण सतराचेच गट पडत नाहीत, सतरा स्वतःच मूळ. कशाने भाग न जाणारी संख्या. “तो दरवाजा बंद,” आई सांगायची, “म्हणून आता एकेक खिडकी ढकलून बघायची.”

निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी चहानंतर ती पाच खिडक्या ढकलायची. पाच भागाकार. जुनी दगडी पाटी. डावीकडे भाजकाचा नऊपर्यंतचा पाढा, उजवीकडे वजाबाक्यांची उतरंड. बाकी उरली की ओल्या फडक्याने पुसायचं. जपून काही ठेवायचं नाही. फक्त वरच्या कोपऱ्यात पुढचा भाजक. तिने बसल्या बसल्या एक वाट शोधली होती — या संख्येला भागणाऱ्याला चौतिसाने भागलं तर बाकी एकच उरली पाहिजे. म्हणजे चौतीस-चौतीसच्या उड्या मारत जायचं. वाटेत तीन, पाच, सात, अकरा, तेराने जाणारे गाळायचे.

“पण मोबाइलवर क्षणात निघेल की हे!” वाचाताई.

निघेल. पण उत्तर घरात आणायचं नाही, हा आईचा नियम. दादाने पहिला कंप्युटर घेतला त्या दिवशी तिने त्याच्याकडून शब्दच घेतला होता.

मी म्हटलं, आता पाटीवर मी लिहिते, रोज एकच भागाकार जमतो, आणि माझी चूक झाली की ती टकटक करते. सगळं कळतं तिला. वाचाताई फार हळू बोलल्या. “ताई, तुम्ही चुकलात की तुमचा चेहरा बदलत असेल. त्यावरूनही करतात हो पेशंट.”

अहो, पण चूक झालीये हे मलाच माहीत नसतं. चेहरा कसा बदलेल? हे उत्तर बसमध्ये सुचलं. मला सगळी उत्तरं बसमध्येच सुचतात.

८ फेब्रुवारी

दादाचा फोन. त्याच्या गावात, त्याच्या घरापासून चालत जाता येईल असं एक केंद्र आहे. नर्सेस, डॉक्टर, बाग. जागा होतेय.

“तू किती दिवस करणार आहेस, चिमे? तुझं वय बघ.”

“माझं वय मला माहीत आहे. तुझ्यापेक्षा चारने कमी.”

“झालं! हिचेही भागाकार सुरू.”

“ही वजाबाकी आहे, दादा.”

तो हसला. मग पुन्हा गंभीर. तिला काही कळत असतं तर मी बोललोही नसतो म्हणाला. घर कुठलं, केंद्र कुठलं, हेसुद्धा तिला समजणार नाही असं डॉक्टरांचं मत आहे म्हणाला. पहिल्या तारखेला येतोय. तेव्हा ठरवू.

फोन ठेवला. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात काय आलं — सकाळी सातपर्यंत झोपायला मिळेल. एवढंच. आईच्या खोलीत गेले आणि उगाचच तिची चादर नीट केली. नीटच होती.

११ फेब्रुवारी

आईचं करायला येणाऱ्या मावशींना ताप, आल्या नाहीत. आईला उठवणं, बसवणं, आंघोळ, सगळं मीच. पाटी तशीच राहिली. कंबर संपली.

१३ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मालकांनी आज भलताच आरडाओरडा केला. नवीन पुस्तक एकशे त्रेसष्ट पानांचं भरतंय. फॉर्मा, म्हणजे एका घडीचा छापील कागद, सोळा पानांचा. एकशे साठ करा नाहीतर एकशे शहात्तर! मधलं काही चालणार नाही! “तीन पानं कापा, बाई. तुम्ही मुद्रितं तपासता, तुम्हाला माहीत असणार कुठं पाणी आहे ते.”

मनात म्हटलं, एकशे त्रेसष्ट कशानेच जात नाही हो. ती अशीच अडून राहणार.

घरी जाऊन आईला सांगितलं. तिच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसली! की मीच हसू लावलं तिला? हल्ली काही कळेनासं झालंय.

१५ फेब्रुवारी

मावशी परत आल्या. हायसं वाटलं. आईचे केस विंचरता विंचरता म्हणाल्या, “ताई, आजींचं हे कधी संपायचं?”

मी सांगितलं, भाग गेला तर लगेच. नाहीच गेला तर दहा कोटी चोपन्न लाखांपर्यंत जावं लागेल. त्याच्यापुढे मग बघावं लागत नाही. आता बत्तीस लाखांवर आहोत.

“म्हणजे किती वर्षं?”

“आजी, मी, तुम्ही, आणि तुमच्या नातवंडांची नातवंडं.”

“अगं बाई! मग कशाला करता? त्यापेक्षा माझी भांडी बरी. घासली की संपतात.”

“आणि उद्या?”

“उद्या परत असतात की!” आणि दोघी एकदम हसलो. आईकडे पाहिलं तर तीही आमच्याकडेच बघत होती.

बाबांची आठवण आली. आईने वीस लाख ओलांडले त्या सकाळी बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून उभे राहिले होते. टाळ्या वाजवल्या! त्यांना गणितातलं शष्प कळायचं नाही. पण रोज विचारायचे, “गेला का गं?” आणि ती म्हणायची, “नाही गेला.” हे रोजचंच, पण त्या दिवशी बाबा पुढे म्हणाले ते वेगळं लक्षात आहे. “सापडला की आधी मला सांग हं. शाळेला, पोरांना, सगळ्या जगाला मागाहून.”

पुढे चार-पाच महिन्यांतच ते गेले. सात वर्षं होतील आता.

१८ फेब्रुवारी

दादाने शब्द मोडला.

दुपारी प्रेसमध्ये मोबाइलवर निरोप आला. “चिमे, रागावू नकोस. तिचं एकदाचं पूर्ण होऊ दे म्हणून बघितलं. अगं, भाग जातो! दोन अवयव आहेत.” खाली दोन संख्या.

२०७१७२३
५३६३२२२३५७

त्याच्याखाली आणखी एक ओळ — एकोणीस एक्के असते तर मात्र कशानेच गेला नसता म्हणे. दोनच एक्के जास्त!

मी पहिली संख्या वाचली. पुन्हा वाचली. मग शेवटाकडून अंक मोजत आले, एकं, दहं, शतं, सहस्र. वीस लाख एक्काहत्तर हजार सातशे तेवीस.

वीस लाख. आम्ही बत्तीस लाखांवर आहोत.

मागे पडला. ती त्याच्यावरून पुढे निघून गेली.

समोरचं मुद्रित तसंच राहिलं. मालकांनी विचारलं, बरं नाही का? नाही म्हटलं.

१९ फेब्रुवारी

झोप आली नाही नीट. तेच डोक्यात. ती चुकली. माझी आई चुकली! जिला डोळे मिटून दुसऱ्याचा हातचा दिसतो ती.

वीस लाखांनंतर एक्काहत्तर हजार. रोज पाचने, चार-पाच महिने. म्हणजे बाबा दवाखान्यात होते ते दिवस. तेव्हाच.

ते दिवस मला चांगले आठवतात. आई सकाळी घरी यायची, आंघोळ करायची, डबा भरायची, आणि पाटी घेऊन बसायची! मी तेव्हा तिच्यावर किती चिडले होते. बाबा तिकडे नळ्या लावून पडलेत आणि हिला भागाकार सुचतात! ती पाच संपवायची आणि दवाखान्यात जायची. एकदा तशीच आली, पदराला खडू लागलेला, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. माझ्याकडे पाहिलंही नाही. थेट बाबांच्या उशाशी वाकली आणि त्यांच्या कानात काहीतरी लांबलचक पुटपुटत राहिली. बाबांचे डोळे मिटलेले. ओठाचा कोपरा तेवढा हलला. मी खोलीबाहेर गेले. प्रार्थना करत असेल म्हटलं. कधी हात न जोडणारी बाई, आज करतेय तर करू दे. दोन दिवसांनी बाबा गेले.

अशात हातचा चुकणार नाही तर काय होणार? कुठलीतरी एक वजाबाकी. भाग गेला होता, हिला बाकी दिसली, हिने फडकं फिरवलं. आणि तेव्हापासून सात वर्षं ही रिकाम्या रस्त्यावर चाललीये. दुसरा अवयव पाचशे छत्तीस कोटींच्या घरात. पुढे वाटेत काही नाही. काहीच नाही. नुसत्या बाक्या.

आणि मी तिला हात धरून पुढे नेतेय.

२२ फेब्रुवारी

बसलो आज. ३२०४६३७. जाणार नाही हे माहीत असून पाढा लिहायचा, वजाबाक्या करायच्या. दोनदा चुकले. दोनदा टक्. शेवटी बाकी उरली तेव्हा तिने नेहमीसारखी मान हलवली, पुढचा घे अशी. मला तिच्याकडे बघवेना. कोपऱ्यात पुढचा न लिहिताच पाटी भिंतीला लावून ठेवली.

दादा फोनवर म्हणतो, “सांगून टाक. सुटेल बिचारी.”

कोण सुटेल? मला विचार ना, मी सांगते कोण सुटेल.

पण सांगायचं काय? आई, तू चुकलीस. ते कधी, तर तेव्हा. बाबांच्या वेळी. आता तिच्याकडे एवढी एकच गोष्ट आहे, आणि तीसुद्धा सात वर्षांपूर्वी हातातून निसटलीये, असं मी तिला सांगू?

२४ फेब्रुवारी

मी आज एक केलं.

आपण सांगायचंच नाही असं ठरवलं. तिलाच सापडू दे. दोघी मिळून भागू, शेवटी बाकी शून्य येईल, ती मला टक् करणार नाही. एवढं तर तिला मिळावं! पाटी स्वच्छ पुसली आणि कोपऱ्यात लिहिलं — २०७१७२३. बाकी काही लिहिलं नाही, बोललेही नाही. दुसऱ्या अवयवाचा तर या घरात मी उच्चारही केलेला नाही.

पाटी तिच्यासमोर धरली.

तिने पाहिलं. खूप वेळ. मग माझ्याकडे पाहिलं, ते त्याहून जास्त वेळ. मी म्हटलं, “आई, मधेच हा घेऊन बघू का आज? सहज?” माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तिने तोंड भिंतीकडे केलं.

“अगं, भागून तरी बघू या!”

नाही. संध्याकाळचं दूधही घेतलं नाही.

२६ फेब्रुवारी

पाटी जवळ नेली की डाव्या हाताने लोटते. वाचाताईंची चित्रं तर बघतच नाही. मावशींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. “काय केलंत ताई आजींना? गोगलगाईसारख्या आत गेल्यात.”

काय सांगू? चांगलं करायला गेले होते.

कदाचित तिला काहीच कळलं नसेल. लांब उडी मागे गेली म्हणून गोंधळली असेल. किंवा वाचाताईंचंच खरं असेल, ती आजवर माझा चेहराच वाचत होती, आणि परवा माझ्या चेहऱ्यावर खोटं होतं.

दादाला फोन केला. म्हटलं, ठीक आहे. घेऊन जा.

तो मग म्हणाला, “तू रडतेयस का?” नाही म्हटलं. खरंच रडत नव्हते. रडायलाही अंगात जोर लागतो.

माळ्यावरून बॅग काढली. पुसून ठेवली.

१ मार्च

दादा दुपारी आला. आईच्या उशाशी बसला, तिचा हात हातात घेतला. “आई, माझ्याकडे येतेस ना? बाग आहे तिथे.” आई छताकडे बघत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. बघ, कुठे काय कळतंय, असं.

मी तिच्या साड्यांच्या घड्या बॅगेत ठेवत होते. आणि — टक्.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. टक्, टक्. बोट पाटीकडे.

मी पाटी दिली. खडू तिच्या डाव्या हातात दिला. आजारी पडल्यापासून तिने खडू धरला नव्हता. दादा पाटी धरून उभा राहिला, मी तिला मागून आधार दिला. खडू घसरत होता. एक अंक काढायला किती वेळ! दादा म्हणाला, “अगं, नुसत्या रेघोट्या आहेत या, थकेल ती.” मी म्हटलं, थांब.

पाच. तीन. सहा.

हे अंक मी दादाच्या निरोपात वाचले होते.

तीन. दोन. दोन. दोन. इथे ती थांबली, दम घेतला. तीन. पाच. सात.

५३६३२२२३५७

दादाने खिशातून मोबाइल काढला. स्वतःचाच निरोप शोधला. पाटीवरचा एक अंक, मोबाइलवरचा एक अंक, असं बोट ठेवत शेवटपर्यंत गेला. मग खुर्चीत बसला.

“तू सांगितलंस तिला?”

“हा नाही. हा कधीच नाही.”

हा तर भागाकार पुरा केल्याशिवाय कुणाला मिळत नाही. म्हणजे चुकली नव्हती. भाग गेला होता. तिने तो जाताना पाहिला होता! आणि पाटी पुसून कोपऱ्यात पुढचा लिहिला होता. नंतर सात वर्षं रोज सकाळी चहानंतर पाच.

“पडल्या पडल्या मनात केलास का, आई? या पाच-सहा दिवसांत?” दादाने विचारलं. तिने बोट हलवलं. नाही. मग तेच बोट खिडकीजवळच्या बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे केलं. आम्हाला काही उलगडलं नाही.

“मग का गं करत राहिलीस? पुढे काय मिळणार होतं?” हे मी. तिने डावा खांदा उडवला. एकच खांदा! कशासाठी करायचं असतं सकाळी उठून, असंच म्हणायचं असेल. की माझंच मी म्हणतेय? असू दे.

मग तळहाताने तिने ते दहा अंक पुसून टाकले. फडकं मागितलंसुद्धा नाही. आणि कोपऱ्यात, वेडंवाकडं — ३२०४६७१. मी मनात बेरीज केली. बावीस तारखेच्या भाजकात चौतीस. बरोबर.

दादा बाहेर जाऊन केंद्रवाल्यांशी फोनवर बोलून आला. जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणाला. येताना डोळे धुऊन आला होता. “दर महिन्याला चार दिवस मी येत जाईन,” म्हणाला, “तू झोप काढ.” मग पाटी मांडीवर घेऊन बसला. सात सक किती यावर अडला. टक्!

“आई, मारू नकोस गं,” तो म्हणाला.

२ मार्च

सकाळी चहा गाळताना एकदम लक्षात आलं, गाळणं हातात तसंच राहिलं.

दवाखान्यात त्या दिवशी ती प्रार्थना करत नव्हती. तिने आधी बाबांनाच सांगितलं होतं.